गाडीला कुणी हात लावायचा न्हाई

२ सप्टेंबर १९७८
मुन्सफ कोर्टात दावा दाखल झाला. अप्पाराव वकील म्हणले, "केशरबाई, आता निश्चिंत राहा." वकिलानं निश्चिंत राहा म्हणलं की मला धडकीच भरती.

हे गेल्यापासून ही टॅक्सीच घरातलं कमावतं माणूस. जालना–भोकरदन फेऱ्या व्हायच्या, चूल पेटायची. आषाढात जिनिंगवाल्या शेठच्या जीपनं राजूरच्या अलीकडं ठोकली, आन् थांबली बी न्हाई. आता शेठ म्हणतो, आमची जीप त्या दिवशी जाफराबादेत उभी होती. त्याचा डायव्हर मच्छिंद्र मालकाचीच री ओढून राह्यला. माझ्याच डायव्हरचं कोर्ट कितीसं ऐकणार? मडगार्डावर जीपचा हिरवा रंग घासून बसलाय, तेवढाच माझा पुरावा. कोर्टाचा माणूस तो पाहायला येणार. तवर गाडीला कुणी हात लावायचा न्हाई, सगळ्यांना बजावलं. वर गोणपाट टाकलंय.

११ सप्टेंबर
वकिलानं शेठच्या मुनिमाला हसून नमस्कार केला. विचारलं तर म्हणे, "अहो, ओळख असती माणसाची." असती ना. कशापायी असती, तेच कळत न्हाई.

२० सप्टेंबर
शेजारची पुष्पाबाई गोणपाट उचलून खाली वाकून पाहत होती. म्हणे कोंबडी गेली खाली. कोंबडी निघाली खरी. तरी बी.

२९ सप्टेंबर
मोंढ्यात गेल्ते. हाटेलात एका बाकड्यावर मच्छिंद्र आन् आपला कडूबा — बशीतून चहा पिऊन राह्यले! कडूबा आपल्या टॅक्सीचा डायव्हर, ह्यांच्याच हाताखाली गाडी शिकला. गाडी बंद पडली, पगार थकला, तरी रोज सकाळी दारात येऊन बसतो. मी म्हणायचे, जीव लावणारं माणूस. आता वाटतं, पाळत ठेवायलाच बसत असंल.

घरी आला तेव्हा विचारलं, "कुठं होतास रे?"
"जरा काम होतं, वहिनी."
डोळ्याला डोळा भिडवला न्हाई.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
घात झाला. देवीला जाऊन येते तर गाडी चकाचक. कडूबानं राखेनं घासून धुतली. झेंडूचा हार, बोनेटवर कुंकू, चाकाखाली लिंबू. आन् हिरवा रंग? नावाला बी न्हाई.

"खंडेनवमीला गाडी पारोशी कशी ठेवायची, वहिनी? दादांनी ठेवली असती का?" वर मलाच विचारतो.

तेवढ्यात पुष्पाबाई म्हणली, तो मच्छिंद्र बी आल्ता, गाडीत बसून गेला. मंग माझं डोकंच फिरलं. म्हणलं, शेठनं काय दिलं रे तुला? अख्ख्या गल्लीत म्हणलं. कडूबा काहीतरी सांगाया लागला, मी ऐकूनच घेतलं न्हाई. म्हणलं, पुन्हा दारात दिसू नको. त्यानं किल्ली पायरीवर ठेवली आन् गेला. नारळ फोडायचा राह्यला तो राह्यलाच.

१६ ऑक्टोबर
कोर्टाचा माणूस आला. मडगार्डाभोवती फिरला. "बाई, रंग कुठाय?" मी काय सांगू. वकील नखं पाहत उभा. हा आन् कडूबा, दोघं बी शेठला मिळालेले असतील.

५ डिसेंबर
आज मच्छिंद्रची साक्ष. शेठनंच आणलेला साक्षीदार. मी पदर तोंडाशी धरून बसले, आता हा बुडवणार म्हणून.

तो उभा राह्यला आन् म्हणला, "साहेब, जीप मीच चालवत होतो. बाईच्या गाडीला मीच ठोकलं. शेठ म्हणले, गप बस."

मुन्सफसाहेबांनी विचारलं, मंग आजच खरं का सांगतोस? तर म्हणला, "खंडेनवमीला कडूबानं मला त्या गाडीत बसवलं. म्हणला, स्टिअरिंगवर हात ठेव, आन् म्हण, माझी जीप नव्हती. पारोश्या गाडीवरची शपथ खरी न्हाई म्हणून त्यानं आधी ती धुतल्ती. मी हात ठेवला, साहेब. पण तोंडातून शब्द निघंना. मला जन्मभर गाडीच चालवायचीय."

मला तिथंच रडू आलं. लाज वाटली माझीच. कोर्टातून सरळ कडूबाच्या घरी गेले. बेबीनंदा, त्याची बायको, भांडी घासत होती. वर पाहिलं न्हाई. "ते ट्रकवर गेलेत, नांदेडकडं. कधी येतील, माहीत न्हाई." पाणी सुद्धा विचारलं न्हाई. बरोबरच केलं तिनं.

९ फेब्रुवारी १९७९
निकाल लागला. शेठनं सगळी भरपाई द्यायची. अप्पाराव वकिलानं पेढे आणले. मी उगाच त्या माणसावर संशय घेत होते. पेढा गोड लागला न्हाई. गाडी सुधारून येईल, पण चालवायला कोण? कुणाच्या हाती देऊ?

३ मार्च
सकाळी दारात मच्छिंद्र. साक्ष दिली त्याच दिवशी शेठनं त्याला काढलं. खाली मान घालून उभा. "कडूबानं पाठवलं, बाई. म्हणला, माझी जागा रिकामी हाय, तू जाय."

किल्ली दिली. काहीच विचारलं न्हाई.