शंभर झाडांमागे शून्य

४ जून

चि. ढब्यास,
अ. उ. आ. त्यांतला एखादा उरला तर परत पाठव, इथे टंचाई आहे.

मोजणीचे कोरे कागद सोबत आहेत. ऑफिसला तुझ्या सहीचा मूळ कागदच लागतो, म्हणून हा टपालाचा खटाटोप. पीएचडी होऊन पाच वर्षं झाली आणि मी अजून तात्पुरतीच. माझं टेबल बोळात, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. येणारा-जाणारा मलाच विचारतो, कागद कुठे अडकला. महिनाअखेर करार संपतोय, आणि सर नुसतं ‘बघू’ म्हणतात, तेही माझ्याकडे न बघता.

सगळं तुझ्या बटाट्यावर येऊन ठेपलंय. हवेतला दमटपणा आणि करप्याच्या बुरशीची जनुकं यांचा मेळ घालून माझा प्रोग्रॅम आठवडाभर आधी सांगतो, रोग येणार की नाही. हिरवा दिवा म्हणजे फवारू नका, लाल म्हणजे फवारा. चाचणीला नाव दिलेले बाकीचे हिरव्यातही गुपचूप फवारणी उरकतात. त्यांच्या निरोगी पानांवरून काय कळणार, कपाळ! माझ्या शब्दावर न फवारता बसलेला तू एकटा. तीन रविवार शून्य डाग आले तर दोन वर्षांचा करार, आणि एक जुलैपासून तीनशे शेतकऱ्यांच्या मोबाइलवर माझा दिवा. डाग आले तर माझा गाशा गुंडाळला म्हणून समज. चाळिशीला दोन वर्षं उरलीत रे, आता कुणाच्या दारात उभी राहू? शून्य येऊ दे, बाबा. एवढं कर माझ्यासाठी.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. आणि विनंत्या सगळ्या एकदमच.

पहिला कागद सोबत. शंभर झाडं मोजली, डाग शून्य. सही ठसठशीत केली आहे, तुझ्या सरांना चष्म्याशिवाय दिसेल. फोन करत बसू नकोस, मी दिवसभर शेतात असतो आणि तिथे रेंज नसते.

सहज विचारतो, पाटाच्या बाजूला चारदोन झाडांवर काही दिसलंच, तर तुझा प्रोग्रॅम त्याला काय म्हणतो? दिसलेलं नाही हां. शेजारच्या शेतातून मामा डोकावून गेले. तुझ्या दिव्यासाठी त्यांनीही नाव दिलंय, आणि भाचीचं काम म्हणून चारचौघांत मिरवतात.

तू जेवत जा. लहानपणी निकाल तुझा असायचा आणि देवाला नवस मी बोलायचो. अजून तेच चाललंय. दोन वर्षं तुला मिळणार, मी सांगतो.

लोभ इकडे भरपूर आहे, तिकडचाही पाठवत राहा.
तुझा ढब्या

२७ जून

चि. ढब्यास,
आशीर्वाद, या वेळी ओंजळ भरून.

तिन्ही कागद पोचले. शून्य मिळाल्याबद्दल शाबासकी मिळण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. काल करारावर सही झाली. बाथरूममध्ये जाऊन रडले, मग बाहेर येऊन कुणाचा तरी झेरॉक्समध्ये अडकलेला कागद काढून दिला. पाटाकडचं विचारलं होतंस. दिसलं असतं तर मोजून लिहायचं होतं, पण काही दिसलंच नाही, मग विषय संपला.

रविवारी पहिला दिवा जाईल, हिरवा. मामांना म्हणावं, पंप धुऊन ठेवा.

आहे तशीच माया कर, जास्त केलीस तरी चालेल.
तुझी ताई

३ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. पत्र असं आहे की खुशाली विचारायला मन होत नाही.

आपल्या शेतात एक पान उरलेलं नाही. पहिल्याच रविवारी यांना चौदा झाडांवर डाग दिसले. मी शेजारीच उभी होते. यांनी कागद हातात धरला, तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि शून्य लिहिलं. पुढे फवारणीही केली नाही. म्हणाले, फवारलं तर ताईच्या चाचणीत लबाडी होईल. आता या अकलेला काय म्हणावं? दुसऱ्या रविवारी एकसष्ट, तिसऱ्याला शंभरच्या शंभर. शुक्रवारी सगळं उपटून खड्ड्यात गाडलं. कपडे दोनदा धुतले तरी सडका वास जात नाही.

मला शपथ घातली होती, ती मी पाळत होते. पण रविवारी मामांना तुमचा हिरवा दिवा आला आणि त्यांनी पंप माळ्यावर टाकला. आज त्यांच्या सरींत मी स्वतः डाग पाहिले. फवारा म्हणून सांगायला गेले, तर म्हणाले, भाचीला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्हाला फोन लावला होता, पण तुमचा आवाज आला असता तर माझ्याने बोलवलं नसतं, म्हणून कापला. शहरात निघालेल्या टेम्पोवाल्याच्या हाती हे देते आहे, संध्याकाळी मिळेल.

यांच्यावर रागवा, पण थोडं थांबून. दोन दिवस जेवलेले नाहीत.

माझ्यावरचा लोभ कमी होऊ नये.
तुमची भावजय

५ जुलै

चि. ढब्या,
आशीर्वाद.

बायकोवर चिडू नकोस. तिचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तीनशे जणांना लाल दिवा पाठवला. निम्म्यांच्या शेतात डाग आधीच पोचले होते.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितलीच नाही. तुझा कागद म्हणजे माझा निकाल नव्हता. कागद आला की तुझा आकडा मी प्रोग्रॅमला शिकवत होते. एवढ्या दमट हवेत शून्य डाग, म्हणजे ही बुरशी इथे काही करत नाही, असं तो शिकत गेला. पहिल्या रविवारी तू चौदा लिहिले असतेस तर त्याने आपली चूक सुधारली असती आणि पुढच्याच आठवड्यात दिवा लाल झाला असता. तुझं थोडंफार वाचलं असतं, मामांचं तर सगळंच. हे ठाऊक असतं तर तू हजारदा चौदा लिहिले असतेस. आणि मी काय लिहिलं? शून्य येऊ दे. जन्म आकड्यांत घालवलेल्या बाईने मोजणाऱ्यालाच आकडा सांगून ठेवला.

सर म्हणाले, भावाने फसवलं असं लिहून दे, करार टिकेल. मी लिहून दिलं की शून्य मीच मागितलं होतं. करार गेला. एकतीस तारखेपर्यंत टेबल आहे. मला फार भीती वाटते, ढब्या. मला दुसरं काही येत नाही.

मामांना फोन केला, त्यांनी माझा आवाज ऐकून ठेवून दिला. टेबल आहे तोवर प्रोग्रॅम दुरुस्त करायचाय आणि त्याला खरे आकडे हवेत. तुझ्याकडे मोजायला काही उरलं नाही. मामांकडे जा. शिव्या दिल्या तर खा.

माया मागायला तोंड नाही, तरी मागते.
ताई

९ जुलै

ती. ताईस,
सा. न.

कागद सोबत. काल गेलो होतो. मला बघून मामांनी दार लावून घेतलं. मी आपला पहिल्या सरीपासून मोजायला लागलो. पन्नासाव्या झाडापाशी असताना ते आले, आणि पहिल्यापासून प्रत्येक झाडाची पानं उलटून पुन्हा मोजू लागले. माझ्यावर विश्वास नाही, ते बरंच आहे. शेवटी शंभरांत डागाची झाडं माझी एक्याण्णव झाली, त्यांची ब्याण्णव. एका झाडाचं खालचं पान माझ्या नजरेतून सुटलं होतं, ते त्यांनी बोटाने दाखवलं. ब्याण्णव लिहिले आहेत.

माझ्या सहीखाली दुसरी सही आहे ती त्यांची. कागद परत देताना एवढंच म्हणाले, पुढच्या रविवारी उजाडताच ये. पुढच्या रविवारी तिथे मोजायला काहीच उरणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी जाणार आहे.

लोभ आहे, ताई.
ढब्या