माझ्या नावाची ओळ

१८ नोव्हेंबर १९७४
पोटात पुन्हा पीळ. अग्रलेख हातावेगळा केला आणि ऑफिसातच ओकलो. सौ. म्हणाली, आता डॉक्टर, नाहीतर मी माढ्याला माहेरी. डॉक्टर परवडले.

२३ नोव्हेंबर
आतडं तुंबलंय. परवा ऑपरेशन. रविवारचं सदर आधी पाठवून दिलं.

९ डिसेंबर
गाठ आतड्याच्या तुकड्यासकट काढली होती. आज पुण्याहून रिपोर्ट. लहान आतड्याचा कॅन्सर. क्वचित होतो, झाला की झपाट्याने पसरतो. डॉ. म्हणाले, ‘दिसलं तेवढं सगळं काढलंय. पुढचं सांगता येत नाही.’ इतकी नेटकी बातमी मलाही जमली नसती. सौ. रडली नाही. भाकरी कधी द्यायची, एवढंच विचारलं.

२ जानेवारी १९७५
अर्धी भाकरी, दुधात कुस्करून. पोटात राहिली! सौ. शेजारी सांगत सुटली, मुलगा मॅट्रिक झाल्यासारखी.

२० जानेवारी
ऑफिस. मला बघून मल्लप्पा, आमचा जुना कंपोझिटर, एका गॅलीवर फडकं टाकायला धावला. मी उचललं. काळ्या चौकटीत माझा मृत्युलेख, शिशाचे खिळे जुळवून छपाईला तयार. कुणी मोठं माणूस अंथरुणाला खिळलं की मजकूर आधीच लावून ठेवायचा, ही पद्धत मीच पाडलेली.
‘रागवू नका साहेब. तुमीच शिकवलं की.’
प्रूफ काढायला लावलं. विशेषणं फार, निम्मी छाटली. ‘अल्पशा आजाराने’वर काट मारली. अल्पसा कुठला! मजकूर लिहिणारे आमचे संपादक केबिनबाहेर येईनात. बाकी सगळे हसले, मी टाके धरून हसलो.
‘मोडू का?’
‘मोड.’

२ फेब्रुवारी
सदर पुन्हा सुरू. वर माझं नाव, ठळक. मृत्युलेखातलीच ओळ. मल्लप्पा म्हणाला, ‘जुळलेली हाय, कशाला मोडायची?’ काळी चौकटही वाया गेली नाही. त्याच पानावर चादरींच्या सेलच्या जाहिरातीला लागलीय. उठून दिसते.

५ फेब्रुवारी
डॉ.नी पोट दाबून पाहिलं. सध्या काही लागत नाही. जूनमध्ये पुन्हा तपासू, मग बोलू.
घरी येऊन जेवलो. अख्खी भाकरी, शेंगाचटणी. मग जूनच्या पहिल्या रविवारचं सदर लिहिलं आणि मल्लप्पाकडे दिलं. म्हटलं, लावून ठेव.
‘इतक्या आधी?’
‘व्हय.’
त्याने गॅली लावली. वर तेच फडकं.