अकरा गाठींचा दोरा

ता. ९ मे

चि. चिमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण जागेवर आहे. अगं, आनंद पोटात मावेना म्हणून लिहायला बसले. सरकारनं मला मत विचारलं! पंचाहत्तरी गाठली, पण या घरात मला भाजीत मीठ किती घालू, हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये हवामानाच्या आराखड्याची सभा होती, तुझ्याच ऑफिसची. खुर्ची दिली, पाणी दिलं, हातात माईक दिला. मी तो उलटा धरला. शेजारचा शिंपी म्हणाला, आजींच्या हाती माईक दिलात, आता जेवणं इथंच मागवा. मेला कुजकाच आहे, पण रिक्षानं नेलंही त्यानंच.

भिंतीवर हा एवढा नकाशा. साहेब म्हणाले, नाल्याला पूर आला की तुमच्या गल्लीत गुडघाभर पाणी चढतं, म्हणून काठानं एक बुटकी भिंत घालू. मी उठून विचारलं, कुणाचा गुडघा? सगळे हसले. साहेबही हसले, आणि म्हणाले, मोजमाप असेल तर एकतीस तारखेच्या आत लेखी कळवा.

सरकारी भाषेत लेखी कुठलं मला जमायला, चौथीत शाळा सुटली. पण मोजमाप आहे ना आपल्या दाराच्या चौकटीवर! तुझे आजोबा तुम्हा पोरांची उंची पेन्सिलनं आखायचे आणि पूर ओसरला की पाण्याची रेघ खिळ्यानं कोरायचे. मी जाड दोरा घेतला, जमिनीपासून वर धरला आणि पाण्याच्या दर रेघेला एक गाठ मारली. अकरा झाल्या. सोबत पाठवतेय. साहेबांना दे. आणि दुपारी वेळेवर जेव, फायली कुठं पळून जात नाहीत.

आठवण काढत जा.
तुझी आजी

ता. १८ मे

ती. आजीस शि. सा. न.

दोरा पोचला. आधी तुझ्या माईकवर खूप हसले, ऑफिसात बऱ्याच दिवसांनी.

माझ्या टेबलावर चार हजार लोकांच्या सूचना आहेत. एक वाचायची, तिला रकान्याचा नंबर द्यायचा, पुढची उचलायची. डोळे मिटले तरी रकानेच दिसतात. कुणी झाडं मागतं, कुणी शिव्या घालतं. एकानं फक्त एवढंच लिहिलं होतं, की हे कुणी वाचतं का. मी ते 'इतर'मध्ये टाकलं आणि मग डबा तसाच परत नेला.

तुझा दोरा मी टेपनं मोजला. सगळ्यात वरची गाठ तुझ्या छातीशी येते. आजी, गुडघाभर पाण्याला आराखड्यात भिंत आहे. छातीभर पाण्याला भिंत नाही, तिथं माणसंच हलवायची असं लिहिलंय. हा दोरा मी पुढे ठेवला तर तुमची गल्ली नकाशावर लाल होईल आणि दोन-तीन वर्षांत तुला घर सोडावं लागेल. नाही ठेवला तर कुणाला कळणारही नाही. तो माझ्या खणात आहे. परत हवा असेल तर कळव, मी लगेच धाडते. मला खरंच ठरवता येत नाही गं, इतकी थकलेय.

मी सात वर्षांची असतानाच्या त्या मोठ्या पुरातलं मला एवढंच आठवतं, की तू मला माळ्यावर बसवून बिस्किटांचा अख्खा डबा दिला होतास आणि खाली उतरू देत नव्हतीस. केवढी मजा वाटली होती.

गुडघ्याला जप. माझ्यावर रागावू नकोस.
तुझी चिमी

ता. २४ मे

चि. चिमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावेन कशाला, वेडे. तुझं पत्र शिंप्याला वाचून दाखवलं, घर काही माझं एकटीचं जाणार नाही. त्यानं दिवसभर मशीनला हात लावला नाही, म्हणजे बघ. संध्याकाळी आला आणि म्हणाला, दोरा देऊन टाका. त्याचा नातू आता उभा राहतो. गेल्याच महिन्यात हौसेनं त्याचीही रेघ आपल्या चौकटीवर मारली. अकरातल्या सहा गाठी त्या पोराच्या डोक्यावरून जातात.

आणि माझं म्हणशील, तर चिमे, मीही थकले गं. ढग आले की गाद्या वर, धान्य वर, खाटेखाली विटा. चाळीस वर्षं. बोलले नाही, कारण विचारलं कुणी? आता विचारलंय, तर खोटं कशाला सांगू? आणखी एक राहिलं सांगायचं. मोठ्या पुरानंतर आपण जमीन वीतभर उचलून घेतली होती. तेव्हा दोरा वीतभर आखूडच समज.

नुसत्या दोऱ्यावर साहेबांचा विश्वास बसायचा नाही, म्हणून सुताराला बोलावून चौकटीची ती उभी बाजूच काढून घेतली. टेम्पोवाला मंगळवारी तुझ्या ऑफिसात आणून देईल. इथं दाराला पडदा बांधलाय. शिंपी म्हणतो, घराचा पुढचा दात पडल्यासारखा दिसतो. पडेना का, माझे तरी कुठं शाबूत आहेत?

लाकूड आलं की आधी तू बघ, मग साहेबांना दे. 'इतर'मध्ये टाकू नकोस. मोठ्या पुराच्या वर्षीची तुझी पेन्सिलची रेघ अजून आहे, फिकी झालीय. पाण्याची रेघ तिच्याहून चार बोटं वर आहे.

मजा वाटली होती ना तुला माळ्यावर? बिस्किटं त्यासाठीच दिली होती.

माया आहे तशीच असू दे.
तुझी आजी