गोठ्यामागचं रडणं माझ्या नावावर

मी, हॅना ओफ्रील, कै. मॅनस ओफ्रील यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार ग्लेनवार, डोनेगल, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या चुलीपाशी बसून हे मृत्युपत्र सांगते आहे. लिहून घेणारे डोमिनिक मास्तर. प्रकृती ठणठणीत आहे. तीच तर पंचाईत आहे.

१. घर, वरचं शेत आणि मेंढ्या मुलगा फेलिम याला. तो स्कॉटलंडात डोंगराखाली बोगदा खणतो. सगळं विकून तिकडेच राहतो म्हणाला, तरी त्याला कोणी अडवू नये.

२. दुभती गाय शेजारच्या कोंडीला द्यायची होती. पण तो या कागदावर साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. तर ती त्याच्या आईला. गाय लाथा मारते. म्हातारीही काही कमी नाही, जमेल दोघींचं.

३. माझी नणंद उना हिची खुर्ची चुलीत घालावी. लग्नाच्या दिवशी भरल्या घरात ती मला म्हणाली, "ओफ्रीलांच्या रक्ताचं माणूस जायचं असलं की बॅनशी, ती मरणाची वर्दी देणारी भुताटकीची बाई, रडते. तू कॉर्नवॉलहून आलेल्या दीपगृहवाल्याची पोर. तुझ्यासाठी कोण रडणार गं?" पुढे मॅनस गेला, मग उना गेली. दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी ते रडणं मी या कानांनी ऐकलं. आता त्या रक्ताचा एकटा फेलिम उरला आहे.

४. परवा तिन्हीसांजेला गोठ्यामागे पुन्हा बाईचं रडणं झालं. कोंडी टोपी काढून दारात आला. "हॅनाकाकू, तुमचंच बोलावणं दिसतंय हो." बिचारा विसरला, मी कुठली ते. मीही आठवण करून दिली नाही. रात्रभर फेलिमचंच नाव घेत चुलीपाशी बसून राहिले.

तरी जाहीर करते की ते रडणं माझं आहे. या घरात पन्नास वर्षं राबले, यांची आजारपणं काढली, यांचा वंश पोटात वाढवला. माझा हक्क झाला. त्या रडण्यावर फेलिमचा कसलाही हक्क नाही, वाटा नाही. नेणारीने मला न्यावं.

"हॅनाबाई, हे कायद्यात बसत नाही," मास्तर म्हणाले.

"बसवा. एवढे शिकलात कशाला?"

कोंडी खिडकीपाशी उभा आहे. म्हणतो, "काकू, पोस्टमन चढण चढतोय. तार आहे वाटतं."

येऊ दे. आधी सही.

सही: हॅना ओफ्रील
साक्षीदार: डोमिनिक बॉनर, शाळामास्तर; कोंडी मॅकफॅडन, शेजारी
ग्लेनवार, १४ नोव्हेंबर १९५१, तार दारात यायच्या आधी