उलटी जाणारी सायकल

हिंगोली, बुधवार, जानेवारी १९७४

हाताला अजून रॉकेलचा वास येतोय, पण लिहायचंच.

शुक्रवारी रहीमभाईंचं सायकलचं दुकान उघडणार. आमच्या छापखान्यात त्यांची जाहिरात, मराठीत आणि उर्दूत. मराठी प्रूफ आवडलं. उर्दूचं पाहून म्हणाले, "भाभी, ही सायकल दुकान सोडून काहून पळून राहिली?"

बराबर होतं त्यांचं. उर्दू वाचायचं उजवीकडून, आणि चित्रातल्या सायकलचं हँडलही उजवीकडंच, म्हणजे अक्षरं चालली डावीकडं आणि सायकल उजवीकडं. चित्राचा नवा ब्लॉक, उलट्या सायकलचा ठसा, हैदराबादहून शुक्रवारपर्यंत कुठला यायला? हे म्हणाले, "चित्रच काढून टाक." सायकलच्या दुकानाची जाहिरात आणि सायकल नाही? मी चिडलेच.

टाइप पुसता पुसता रॉकेलचा हात मराठी प्रूफाला लागला. कागद उचलला तर तेलानं आरपार झालेला, मागच्या बाजूनंही सायकल दिसत होती. हँडल डावीकडं.

संक्रांतीचा पतंगी कागद, तसाच आरपार दिसणारा, घरात उरलाच होता. पुढं वरती मराठी, मधे सायकल. मागं फक्त उर्दू, सायकलच्या खाली. चित्र एकदाच छापलं.

रहीमभाईंनी कागद उलटला. उजेडाला धरला. "आता येऊन राहिली," म्हणाले.

भाकऱ्या व्हायच्यात. मी मात्र कागदच उलटत बसलेय. सायकल जाते, सायकल येते.