तपकिरी पोटाची खार

४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,

सा. न. वि. वि. आईच्या गुडघ्यालाही नमस्कार, कारण हल्ली तिची खबर त्याच्याकडूनच कळते.

बातमी आहे, बसून वाचा. खारींच्या उपजातींची नवी सूची छापायची आहे, म्हणून महिनाभर मी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत एकशे चाळीस खारी मांडून बसले आहे. नदीच्या अलीकडच्यांच्या शेपटीचं टोक पांढरं, पलीकडच्यांचं राखी. बेटावरच्या अंगाने बारीक. जात एकच, पण मध्ये पाणी आलं की भावंडंही वेगळी दिसू लागतात. आणि शेवटच्या खणात डोंगरावरच्या तुमच्या सात, तपकिरी पोटाच्या.

बावीस वर्षं त्यांच्यापुढे शोधक म्हणून एकट्या मोठ्या साहेबांचं नाव आहे. पावसात पकडल्या तुम्ही, सोलल्या तुम्ही, कापूस भरून शिवल्या तुम्ही, आणि अहवालात तुम्ही कोण, तर ‘एक मजूर’. वर त्यांनी तुमची नोकरीही घालवली. आयत्या बिळावर नागोबा. काल मी त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि तुमचं नाव घाला म्हणून सांगितलं. निवृत्ती जवळ आली आहे, मोठेपणा मिरवायचा आहे, म्हणून सहशोधक म्हणून घालतो म्हणाले. कडू औषध गिळावं तसं तोंड झालं होतं. मी ते मन भरून पाहिलं.

तुमची संमती तेवढी पाठवा. लोभ आहेच, तो पुढच्या टपालाने आला तरी चालेल.

तुमची,
मुंगी

१३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. गुडघा ठीक आहे, गुडघ्याची मालकीण बोलत नाही. तू महिनाभरात एकदाही आली नाहीस, त्याचा राग माझ्यावर निघतो.

संमती पाठवत नाही. कोल्हा काकडीला राजी असतो, मी नाही. माझं नाव त्या पानावर नको. साहेबांना सांग की शोध त्यांचा एकट्याचा आहे, आणि तसं त्यांच्याच अक्षरात लिहून घे. का, ते आत्ता विचारू नकोस. लहानपणी सुई हातात धरायला शिकवलं तेव्हाही तू आधी प्रश्न विचारायचीस आणि मग बोट टोचून घ्यायचीस.

जेवत जा वेळेवर. आमची माया कमी झाली असं वाटलं तर आईला लिही, मला नको.

तुझे,
बाबा

२६ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,

सा. न. वि. वि. आज नमस्कार रागाने केला आहे.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. साहेब इतके खूश झाले की जागच्या जागी लिहून दिलं, ‘या शोधात माझ्याखेरीज कोणाचाही वाटा नाही.’ सही केली आणि कागद छापखान्यात धाडला. मी जिन्यात जाऊन रडले. त्या माणसाला आपण आपल्या हाताने हार घातला असं वाटलं.

पण खरं दुखणं पुढेच आहे. पाच तारखेला नमुने तपासायला बाहेरून तीन परीक्षक येणार, म्हणून तुमच्या खारी पुसायला घेतल्या. तिसरीच्या पोटावरून स्पिरिटचा बोळा फिरवला, तर बोळा तपकिरी झाला आणि पोट पांढरं निघालं. बाबा, ती साधी खार आहे. आपल्या आवारात फिरते तशी. मी घाबरून खण बंद केला. ज्याच्यासाठी मी बावीस वर्षं दातओठ खात आले, तो शोध मुळात नव्हताच का? तुम्हाला माहीत होतं का? या वेळी प्रश्नाचं उत्तर हवं आहे.

माया कमी झालेली नाही, तरी तशी धमकी समजा.

मुंगी

१ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद. माहीत होतं.

डोंगरावरच्या त्या मोहिमेत साहेब तापाने आठ दिवस खाली गावात पडून होते. पाऊस थांबेना, कातडी वाळेनात, म्हणून मी तोवर पकडलेल्या सहाही खारी चुलीवर तारेला टांगल्या. धुराने पोटं रंगली. साहेब परतले, पाहिलं, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. नवी उपजात म्हणून नाचायला लागले. मी तिथेच सांगितलं की साहेब, हा धूर आहे. चार अधिकाऱ्यांदेखत ते म्हणाले की सोलणाऱ्याने सोलावं, अक्कल शिकवू नये. सगळे हसले. मग मला म्हणाले, अजून एक आण, जास्त गडद मिळाली तर बघ. महिन्याने कामावरून काढलं, कारण मी फार बोलतो.

घरी तू सांगत राहिलीस की बाबांचा शोध चोरला, आणि मी ऐकत राहिलो. ती चूक माझी. पण तो हशा मी एक दिवसही विसरलो नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

सहा खारी धुराने फसवल्या. सातवी मी फसवली. मुद्दाम दोन आठवडे टांगली. नव्या उपजातीचा मुख्य नमुना म्हणून साहेबांनी तीच निवडली. परीक्षकांसमोर तिची पोटाची शिवण उसव. कापसात बघ.

हात थरथरू देऊ नकोस.

तुझे,
बाबा

६ मार्च

तीर्थरूप बाबांस,

सा. न. वि. वि.

कापसाला कीड लागली का ते बघायचं आहे असं सांगून मी काल सातवी परीक्षकांपुढे ठेवली आणि टाके कापले. मेणकागदात तुमची चिठ्ठी कोरडीठाक होती. परीक्षकांतल्या वयस्कर बाईंनी ती मोठ्याने वाचली. ही साधी खार आहे, पोट धुराने रंगवले आहे, साहेबांना सांगितले होते, त्यांनी ऐकले नाही. खाली तारीख आणि तुमची सही. मग त्यांनी बोळा मागितला आणि सातही पोटं स्वतः पुसली. कोणी हसलं नाही. हसले असते तर साहेबांना सोपं गेलं असतं.

संध्याकाळी साहेबांनी मला जिन्यात गाठलं. कठडा धरून उभे होते. म्हणाले, चूक दोघांची होती असं तुझ्या वडिलांकडून लिहून आण, दोघांची नावं घालू, म्हाताऱ्याला एवढं सांभाळून घे. मला दया यायला हवी होती. आली नाही.

मी त्यांना सांगितलं की या शोधात तुमच्याखेरीज कोणाचाही वाटा नाही, आणि तो कागद छापून झाला आहे.

आईला सांगा, रविवारी येते आहे. माझ्यावरचा जो काही राग-लोभ उरला असेल तो तेव्हा द्या.

तुमची,
मुंगी