प्रभूच्या डोक्यावर माझी वेणी

सान लाझारो, ६ जानेवारी १९६२

चि. रुफिनास आजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. कोंबडी बरी आहे, गुडघा बरा नाही. आता ऐक. आपल्या नाझरेथकर येशूच्या मूर्तीचा केसांचा टोप पार विरला, म्हणून फादरांनी बायकांकडे केस मागितले. सगळ्यांच्या आधी मी उठले. वीस वर्षं राखलेली वेणी माझी! तर मूर्तीची वस्त्रं सांभाळणारी ती डोन्या एदुविहेस भर देवळात म्हणते कशी, क्रेसेन्सिया, तुझ्या केसांना मक्याच्या तमाल्यांतल्या चरबीचा वास, प्रभूला शिंका यायच्या. बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन कात्रीनं वेणी कापली.

सोबत पाठवते आहे. तू टोपवाल्याकडे कामाला आहेस ना? काळी कर, टोप कर, आणि राजधानीतल्या कुणा भल्या बाईचं दान म्हणून फादरांना पाठव. माझं नाव घेशील तर बघ! नाव मीच घेणार, गुड फ्रायडेची मिरवणूक चौकात आली की, गावासमोर. तोवर त्या एदुविहेसला माझ्या केसांचे मुके घेऊ दे.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आजी

ग्वातेमाला शहर, १९ मार्च

ती. आजीस रुफिनाचा सलाम.

टोप परवा पाठवला. एकेक केस सुईनं ओवला, बोटं सोलली. पण आजी, रागावू नकोस, ही वेणी तू प्रभूला दिलीस की त्या बाईच्या थोबाडीत? त्याला द्यायचं तर सगळ्या जिवानं दे, नाहीतर कोंबडी दे. आणि शाल डोक्यावरून ढळू देऊ नकोस, कापलेले केस दिसतील.

आहे तशीच माया ठेव.
तुझी रुफिना

सान लाझारो, ईस्टर, २२ एप्रिल

चि. रुफिनास आशीर्वाद.

मोठी शहाणी झालीस, आजीला शिकवतेस! आधी मजा ऐक. महिनाभर एदुविहेस माझे केस गुलाबपाण्यानं धूत होती. विंचरायची काय, कुरवाळायची काय! गावभर सांगत सुटली, हे नक्की कुणा खानदानी कुमारिकेचे. कुमारिका! सात बाळंतपणं झाली माझी. मी रोज पहिल्या बाकावर बसून बघायची. एवढं सुख तुझ्या आजोबांनीसुद्धा दिलं नाही मला.

शुक्रवारी मिरवणूक चौकात थांबली. मी पुढं झाले, तोंड उघडलं. एदुविहेस प्रभूचे वाऱ्यानं विस्कटलेले केस सारखे करत होती, दहाही बोटं केसांत. आणि मला दिसलंच की गं! ही बया भडक डोक्याची. मी बोलले की एक हिसका, आणि प्रभू गावासमोर बोडका. क्रुसावर चढवताना त्याची वस्त्रं लोकांनी एकदा काढलीच आहेत. आता केस माझ्यापायी?

तोंड मिटलं. एवढं जड, रुफिना, बाळंतपणसुद्धा गेलं नव्हतं.

मग मी मनात प्रभूला म्हटलं, केस मी रागानं दिले, तुला ठाऊक आहे, ते दानात धरू नकोस. हे न बोललेलं तेवढं घे. ते पुरतं तुझं, मी मरेपर्यंत. तिला माफ मात्र केलेलं नाही. ते आज मागू नकोस, एका दिवसात दोन-दोन गोष्टी माझ्याच्यानं व्हायच्या नाहीत.

तू कुठं बोललीस तर तंगडं मोडीन. मायेत कमी करू नकोस.

आजी